आम्लजनक आणि प्राणवायू : एका नावाची कुळकथा



ज्यांच्या स्मृतीला वंदन करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत, त्या आपल्या गुरुवर्यांनी या शाळेत अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकविले. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानासाठी शाळेने मला बोलाविले, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. विषय निवडण्यासाठी मला फार शोधाशोध करावी लागली नाही. तो सरांनीच मला नववीच्या वर्गात दिला होता.

आपण बेळगावची माणसे. एकाच गल्लीत एक मूल मराठी शाळेत जाते आणि शेजारचे कन्नड शाळेत. माझ्या शेजारीही असाच एक मित्र होता. संध्याकाळी कट्ट्यावर बसून आम्ही एकमेकांना आपापली पुस्तके वाचून दाखवीत असू. माझ्या पुस्तकात ज्याला प्राणवायू म्हटले होते, त्याला त्याच्या पुस्तकात आम्लजनक असे नाव होते. शब्द संस्कृत असल्यामुळे अर्थ मला कोणी सांगावा लागला नाही. आम्लाचा जनक तो आम्लजनक. पुढे चाचणीत प्रश्न आला की, सर्व आम्लांत आढळणारा घटक कोणता? मी मोठ्या विश्वासाने लिहिले, 'प्राणवायू, कारण तो आम्लजनक आहे.'

सरांनी उत्तरावर फुली मारली नाही. मला फळ्याशी बोलाविले, हायड्रोक्लोरिक आम्लाचे सूत्र लिहिले आणि म्हणाले, "यात प्राणवायू कोठे आहे तो दाखव." सूत्रात एक हायड्रोजन आणि एक क्लोरीन, एवढेच होते. वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "तू चुकलास खरा, पण तुझ्या आधी एक फार मोठा माणूस हीच चूक करून गेला आहे. तो कोण, ते शोधून काढ."

त्या शोधाची हकीकत आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. ती एका शब्दाची हकीकत आहे. इंग्रजीत तो ऑक्सिजन म्हणून रूढ झाला आणि आज जगाच्या पाठीवर कोठेही गेले तरी तो ओळखीचा वाटतो.

नाव मिळण्यापूर्वी हा वायू माणसाच्या हाती आलेला होता. स्वीडनमधील औषधविक्रेता कार्ल शीले याने १७७१-७२ च्या सुमारास तो तयार केला आणि त्यात ज्योत फार तेजाने जळते हे पाहून त्याला 'अग्निवायू' म्हटले. त्याचा ग्रंथ मात्र १७७७ साली प्रसिद्ध झाला. दरम्यान १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रीस्टली याने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटले, आणि त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळताना त्याला आढळली. पुढील वर्षी त्याने त्या वायूत एक उंदीर ठेवला. तेवढ्याच साध्या हवेत जो पाव तास जगला असता, तो अर्धा तास तग धरून राहिला.

प्रीस्टलीने या वायूला जे नाव दिले, ते त्या काळच्या एका समजुतीवर उभे होते. प्रत्येक जळणाऱ्या पदार्थात फ्लॉजिस्टन नावाचे एक तत्त्व असते, आणि पदार्थ जळतो म्हणजे ते तत्त्व त्यातून बाहेर पडते, असे तेव्हाचे रसायनज्ञ मानीत. ज्या हवेत ज्योत अधिक जोमाने जळते, त्या हवेत फ्लॉजिस्टन मुळीच नसले पाहिजे. म्हणूनच ती ते एवढ्या आवेगाने शोषून घेते. म्हणून नाव ठेवले 'फ्लॉजिस्टनविरहित हवा'. समजूत गेली आणि तिच्याबरोबर हे नावही गेले. प्रीस्टलीने मात्र ती सोडली नाही. १८०४ साली अमेरिकेत त्याचा अंत झाला, तोपर्यंत तो फ्लॉजिस्टनची बाजू लढवीत राहिला.

आता आपल्या कथेचा नायक येतो. अंत्वान लाव्हाझिये हा फ्रेंच रसायनज्ञ १७४३ साली पॅरिसमध्ये जन्मला. तराजू हे त्याचे मुख्य शस्त्र होते. गंधक आणि फॉस्फरस जळताना त्यांचे वजन घटत नाही, उलट वाढते, हे त्याने १७७२ साली नोंदवून ठेवले. काही बाहेर पडत असेल तर वजन वाढेल कसे? म्हणजे जळताना पदार्थ हवेतील काहीतरी आत घेत असला पाहिजे. १७७४ च्या ऑक्टोबरात प्रीस्टली पॅरिसला आला असता त्याने आपल्या नव्या हवेची गोष्ट लाव्हाझियेच्या घरी भोजनप्रसंगी सांगितली. पुढील काही वर्षांत लाव्हाझियेने सिद्ध केले की पदार्थ जळताना जे आत घेतो ते हेच. फ्लॉजिस्टनची गरज उरली नाही.

परंतु त्याला आणखी एक गोष्ट दिसली होती. गंधक जाळून झालेला पदार्थ पाण्यात मिसळला की आम्ल मिळते. फॉस्फरसचेही तेच, कोळशाचेही तेच. तीन वेगळे पदार्थ, त्यांत मिळणारा वायू एकच, आणि फळ प्रत्येक वेळी आम्ल. यावरून त्याने अनुमान केले की आम्लाला आम्लपणा देणारे तत्त्व हाच वायू होय. १७७७ च्या सुमारास त्याने त्यासाठी ग्रीक धातूंवरून नाव घडविले. ऑक्सिस म्हणजे तीक्ष्ण, आंबट. आणि जेन म्हणजे उत्पन्न करणारा. ऑक्सिजन म्हणजे आम्लजनक.

१७८७ साली गितों द मोर्व्हो, बर्तोले, फूरक्रुआ आणि लाव्हाझिये या चौघांनी मिळून रासायनिक नामकरणाची पद्धती प्रसिद्ध केली. तोपर्यंत पदार्थांची नावे रंगावरून, गावावरून, शोधकावरून किंवा किमयागारांच्या गूढ संकेतांवरून पडत. या चौघांनी ठरविले की नाव ऐकताच पदार्थाची घडण कळली पाहिजे. १७८९ च्या आपल्या रसायनशास्त्राच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लाव्हाझियेने भाषेची सुधारणा आणि शास्त्राची सुधारणा या एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत, असे प्रतिपादन केले. रॉबर्ट कर याने या ग्रंथाचे केलेले इंग्रजी भाषांतर १७९० साली एडिंबरोहून निघाले. नवी नावे अशा ग्रंथांतून इंग्रजीत रुळली आणि इंग्रजीतूनच पुढे आपल्याकडे आली.

येथे थोडे थांबून या सामासिक शब्दाची फोड करू, कारण तिच्यात आपल्या घरचीही दोन माणसे भेटतात. ग्रीक जेन आणि संस्कृत जन् हे एकाच मूळ धातूचे दोन फाटे आहेत. जन्म, जनक, जननी हे शब्द ऑक्सिजनच्या उत्तरपदाचे सख्खे चुलत भाऊबंद होत. पूर्वपदाचेही तसेच. ऑक्सिस ज्या धातूपासून निघाला त्याचा अर्थ टोकदार, धारदार असा आहे. आम्लाला इंग्रजीत जो ॲसिड शब्द आहे, तोही लॅटिनमार्गे त्याच धातूचा. संस्कृतात धार किंवा कोपरा या अर्थी जो अश्रि शब्द आहे, तोही त्याच कुळातला. चार कोपऱ्यांचे ते चतुरस्र, आणि त्याचे मराठीत झाले चौरस. जिभेला टोचते ते आंबट आणि बोटाला टोचतो तो कोपरा, असे हे नाते आहे.

व्याकरणाच्या दृष्टीने मात्र लाव्हाझियेच्या समासात एक खोट होती. ग्रीक समासाच्या शेवटी येणाऱ्या या पदाचा नेहमीचा अर्थ 'उत्पन्न करणारा' असा नसून 'पासून जन्मलेला' असा असतो. डायोजिनीस या प्रसिद्ध ग्रीक नावाचा अर्थ झ्यूसपासून जन्मलेला. त्या हिशेबाने ऑक्सिजन हा आम्लाचा बाप न ठरता मुलगा ठरतो. संस्कृतातही जलज म्हणजे पाण्याला जन्म देणारा नव्हे, पाण्यात जन्मलेला. आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत हायड्रोजनला उज्ज म्हटलेले आढळते. उद् म्हणजे पाणी, त्याला ज जोडून झालेला हा शब्द व्याकरणाच्या काट्यावर त्याच खोटीचा भागीदार ठरतो. कन्नड भाषेने जनक हे पद वापरले आणि ही खोट टाळली, हे येथे नमूद केले पाहिजे.

व्याकरणातील खोट क्षम्य होती. अनुमानातील चूक अधिक खोल होती. मिठापासून निघणारे म्युरिअ‍ॅटिक आम्ल, म्हणजे आपले हायड्रोक्लोरिक आम्ल, लाव्हाझियेलाही माहीत होते. त्यात प्राणवायू कोणालाच सापडला नव्हता. पण सर्व आम्लांत तो असतोच असे नावातच ठरून गेलेले! तेव्हा लाव्हाझियेने असे मानले की त्यात प्राणवायू आहेच, फक्त तो ज्या अज्ञात मूलद्रव्याशी जखडलेला आहे त्यापासून अजून वेगळा करता आलेला नाही. शीलेने १७७४ साली या आम्लापासून जो हिरवट पिवळा वायू मिळविला होता, त्यालाही प्राणवायूयुक्त म्युरिअ‍ॅटिक आम्ल असे नाव पडले. जो प्राणवायू कोणी पाहिला नव्हता, तो नावात जाऊन बसला.

८ मे १७९४ रोजी फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, सरकारी करवसुलीच्या मक्तेदारीतील भागीदार म्हणून लाव्हाझियेचा शिरच्छेद झाला. पुढचे पाहावयास तो राहिला नाही. १८०७ साली लंडनमध्ये हंफ्री डेव्ही याने विजेच्या साहाय्याने पोटॅश आणि सोडा यांचे विघटन केले. त्यातून दोन नवे धातू आणि प्राणवायू बाहेर पडला. पोटॅश आणि सोडा हे तर आम्लाचे वैरी, अल्क. म्हणजे ज्याला आम्लाचा जनक म्हटले, तो अल्कांच्या घरीही नांदत होता. मग डेव्ही त्या हिरवट वायूकडे वळला. कोळसा विजेने पांढराशुभ्र होईपर्यंत तापवून त्याने तो या वायूत ठेवला. वायूत प्राणवायू असता तर कोळशाने तो ओढून घेतला असता. तसे काहीही घडले नाही. १८१० साली डेव्हीने जाहीर केले की हा वायू संयुग नसून मूलद्रव्य आहे.

आता त्यालाही नाव हवे होते. येथे डेव्हीने जे केले ते मला फार मोलाचे वाटते. त्याने घडणीविषयीचे कोणतेही मत नावात घातले नाही. फिकट हिरव्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्याने क्लोरीन हे नाव घेतले, आणि कारणही सांगून ठेवले: हे नाव डोळ्यांना दिसणाऱ्या गुणावरून दिले आहे, उद्या हा पदार्थ संयुग निघाला, त्यात प्राणवायूसुद्धा सापडला, तरी हे नाव खोटे पडणार नाही. लाव्हाझियेच्या नावाला काय झाले हे पाहून शहाणा झालेला माणूस येथे बोलत आहे. मराठी पुस्तकांतील हरिद हा शब्दही या हिरव्या रंगाशीच नाते सांगतो.

१८३८ साली लीबिग याने आम्लाची ओळख हायड्रोजनवरून ठरविली: ज्या हायड्रोजनची जागा धातू घेऊ शकतो, तो असलेले संयुग म्हणजे आम्ल. म्हणजे आम्लजनक हे नाव शोभलेच असते तर हायड्रोजनला शोभले असते. उलट हायड्रोजन या नावाचा अर्थ जलजनक, आणि पाण्याच्या वजनाचे नऊ भाग केले तर त्यांतील आठ भाग प्राणवायूचे असतात. दोन भावांच्या जन्मपत्रिका बदलल्या जाव्यात, तसा हा प्रकार झाला.

मग चूक कळल्यावर नाव बदलले का नाही? याचे उत्तर आपल्या शास्त्रकारांच्या परिभाषेत चांगले देता येते. ते शब्दांचे यौगिक आणि रूढ असे भेद करतात. अवयवांवरून अर्थ सांगतो तो यौगिक. अवयव विसरून व्यवहारात अर्थ देतो तो रूढ. कुश कापणारा तो कुशल, वीणेत तरबेज तो प्रवीण, हे मूळचे अर्थ आज कोण पाहतो? तिळापासून निघते ते तेल, तरी आपण शेंगदाण्याचे तेल म्हणतो. शाई म्हणजे मूळ फारसीत काळेपणा. तरी शिक्षक लाल शाईने वह्या तपासतात आणि कोणी हरकत घेत नाही. ऑक्सिजन हा शब्द यौगिक म्हणून जन्मला आणि पंचवीस-तीस वर्षांत रूढ झाला. १८१० पर्यंत तो पुस्तकांत, प्रयोगशाळांत आणि शेकडो संयुगांच्या नावांत एवढा मुरला होता की उपटून काढणे परवडणारे नव्हते.

पण जेथे शब्द उचलला न जाता त्याचे भाषांतर झाले, तेथे एक निराळीच गोष्ट घडली. जर्मन भाषेत झाउअरश्टोफ, डचमध्ये झ्यूरस्टोफ, रशियनमध्ये किस्लरोद. या सर्वांत आंबटपणा आहे. जपानी पंडित उदागावा योआन याने १८३७ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या रसायनग्रंथात डचवरून सान्सो हा शब्द घडविला. त्याचाही अर्थ आम्लाचे मूलद्रव्य. बंगालीत अम्लजान झाले. कन्नडमध्ये आम्लजनक, जलजनक, सारजनक अशी सुबक मालिका झाली. शब्द परका राहिला तर त्याचा अर्थ झाकलेला राहतो आणि चूकही झाकलेली राहते. तो आपल्या भाषेत आणला की अर्थ उघडा होतो आणि त्याबरोबर १७७७ सालची समजूतही मुलाच्या वहीत उतरते. माझ्या चाचणीच्या उत्तरात नेमके हेच झाले होते.

मराठीने आणि गुजरातीने दुसरी वाट घेतली. वायूचे मूळ काय याविषयी न बोलता, तो जीवाला काय करतो एवढेच त्यांनी सांगितले. चीनमध्येही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याला पोषण करणारा वायू म्हटले गेले, आणि आजच्या चिनी नावात तोच उच्चार टिकून आहे. युरोपातही १७८७ पूर्वी 'जीवनदायी हवा' हे नाव प्रचारात होते. नव्या पद्धतीने ते बाजूला सारले.

येथे आपल्यापैकी काहींना वाटेल की मराठी शहाणी ठरली. श्रोतेहो, ही कसोटी आपल्यालाही लावली पाहिजे. प्राण हा शब्द आपल्याकडे फार जुना आहे. प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान या पंचप्राणांची कल्पना शरीरातील व्यापारांविषयीची आहे. तिचा हवेतील एका मूलद्रव्याशी संबंध नाही. जुना शब्द नव्या पदार्थाला दिला गेला. त्यावरून आपल्या पूर्वजांना ऑक्सिजन माहीत होता असे अनुमान काढणे म्हणजे माझ्या नववीतल्या उत्तराचीच दुसरी आवृत्ती होय. शिवाय १८६१ साली पाश्चर याने हवेवाचून जगणारे सूक्ष्मजीव दाखवून दिले. त्यांना हा वायू प्राणघातक ठरतो. त्यांच्या भाषेत त्याचे नाव ठेवायचे झाले तर ते काय असेल, याची कल्पना आपण करू शकता.

मराठीने घडविलेल्या परिभाषेतील पुष्कळ शब्द मावळले. प्राणिद, कर्बद्विप्राणिद हे शब्द आजच्या मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाटतात. डॉ. रघुवीर यांनी सुचविलेला जारक हा शब्दही रुजला नाही. उलट नत्र, स्फुरद आणि पालाश हे तीन शब्द आजही खताच्या पोत्यापाशी उभा असलेला शेतकरी सहज उच्चारतो. जो शब्द रोजच्या कामात उपयोगी पडला तो जगला. २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, हा वायू मिळविण्यासाठी लोक गावोगाव धावत होते. तेव्हा मराठी घरांतून आणि कन्नड घरांतून एकच शब्द ऐकू येत होता, ऑक्सिजन. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत प्राणवायू होता. दूरध्वनीवर मात्र कोणी प्राणवायू मागितला नाही आणि कोणी आम्लजनकही मागितला नाही. त्या दिवसांत त्या शब्दाचा ग्रीक अर्थ कोणाला हवा होता? प्रत्येकाला तो वायू हवा होता.

तर मग या तीन शब्दांपैकी शाळेने कोणता शिकवावा? माझे उत्तर असे की तिन्ही शिकवावेत, आणि प्रत्येकाबरोबर त्याचे जन्मवर्षही सांगावे. आम्लजनक हा शब्द १७७७ साली एका थोर माणसाला काय वाटले ते सांगतो. क्लोरीन हा शब्द १८१० साली दुसऱ्याने त्यापासून कोणता धडा घेतला ते सांगतो. प्राणवायू हा शब्द आपल्या जीवाशी त्याचा काय संबंध आहे ते सांगतो. नाव हे साक्षीदाराच्या जबानीसारखे असते. तिची नोंद घ्यावी, उलटतपासणीही घ्यावी. निकाल मात्र प्रयोगावर सोपवावा. विद्यार्थ्याने शब्दाची फोड करावी, पण फोड केली म्हणजे पदार्थ कळला असे समजू नये.

सीमेवरच्या शाळेला याबाबतीत एक सोय आहे. एका भाषेत वाढणाऱ्या मुलाला नाव आणि वस्तू एकच वाटते. आपल्या मुलाला शेजारच्या कट्ट्यावर त्याच वस्तूचे दुसरे नाव ऐकू येते आणि तो विचारतो, असे का? भाषेच्या प्रश्नावर या भागाने पुष्कळ सोसले आहे, ते मी जाणतो. तरीही माझ्या मित्राच्या कन्नड पुस्तकातील तो शब्द मला भेटला नसता, तर मी चुकलोही नसतो आणि लाव्हाझियेपर्यंत पोहोचलोही नसतो.

सरांनी दिलेला गृहपाठ बराच उशिराने, पण त्यांच्याच शाळेत पुरा करीत आहे. त्या दिवशी त्यांनी उत्तरावर फुली मारली असती तर माझा एक गुण गेला असता आणि प्रश्नही गेला असता. त्यांनी प्रश्न माझ्याजवळ राहू दिला. त्यांच्या स्मृतीस मी अभिवादन करतो.